देहू ते मंगळवेढा : मामा, मी आणि उधारीची वही

खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नव्हतं. वर्कशॉपचं शटर ओढून काही महिने झाले होते, लेथ आणि वेल्डिंगचे सेट विकून बँकेच्या सीसीत (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जखात्यात) भरले तरी खातं सुधरायचं नाव घेत नव्हतं, आणि ज्या पार्टीमुळे हे सगळं झालं (नाव नको, गेट आणि ग्रिलचं मोठं काम होतं, माल उचलला आणि पेमेंटच्या नावानं शिमगा) ती पार्टी फोन घेत नव्हती. देवाशी माझा अबोला चालू होता. म्हणजे चिडून फोटो उतरवले वगैरे काही नाही, फक्त हात जोडणं बंद. बायकोनं हे मामांच्या कानावर घातलं असणार, कारण मामांचा एकदम फोन आला, "शुक्रवारी देहूला निघालोय, तिथनं पुढं पंढरपूर, तू येतोयस." विचारलं नाही, सांगितलंच.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, माण तालुक्यातले, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. गळ्यात तुळशीची माळ. प्रवास एसटीनंच करायचा ही त्यांची अट, आणि ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली नाही तर त्यांचा मूड जातो हे आधीच सांगून ठेवतो.

शुक्रवार, देहू

पौष महिना, थंडी बऱ्यापैकी, देहूत गर्दी अजिबात नाही. तुकाराम बीजेला किंवा पालखीच्या वेळी देहू बघितलेल्यांना हे गाव वेगळंच वाटेल. मुख्य देवळात विठ्ठल रखुमाई आणि शेजारी शिळा मंदिर, ते २०२२ साली नवीन बांधलं. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्यावर तुकोबा जिच्यावर तेरा दिवस अन्नपाणी सोडून पडून होते ती ही शिळा. मी लांबूनच बघत होतो तर मामा म्हणाले, "हे धरणं हाय. उधारी बुडली की पूर्वी सावकार कुळाच्या दारात उपाशी बसायचा, तू दिल्याशिवाय उठत नाय म्हणून. तुकोबा वाण्याच्या घरातला, त्याला वसुली ठाऊक. तो देवाच्या दारात बसला."

हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. आपल्याला शाळेपासून तुकोबा म्हणजे शांत, वीणा घेतलेले, गालात हसणारे असेच दाखवलेत.

इंद्रायणीच्या घाटावर बसलो आणि मामांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून लावली. घर चांगलं खातंपितं, महाजनकी, दुकान. आईवडील गेले, थोरल्या भावाची बायको गेली आणि तो भाऊ घर सोडून तीर्थाटनाला निघून गेला. त्यात १६३० च्या आसपासचा तो भयानक दुष्काळ. दुकानाचं दिवाळं निघालं, पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, मुलगा संतू गेला. माणूस तेव्हा किती वर्षांचा? बाविशीच्या आतबाहेर. त्यानंतर त्यांनी घरातली कर्जखतं काढली, ज्यांच्याकडून येणं होतं ते सगळे कागद, त्यातला निम्मा हिस्सा धाकट्या भावाला कान्होबाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इथेच इंद्रायणीत सोडून दिले.

माझ्या बॅगेत माझी उधारीची वही होती. का घेतली होती माहीत नाही, सवय म्हणून. मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्या बॅगेकडे बघितलं आणि म्हणाले, "ते डोक्यातनं काढ. तू तुकोबा नाहीस, तू कान्होबा. कागद जपून ठेव आणि वसुली कर."

दुपारनंतर रिक्षा करून भंडाऱ्याच्या डोंगरावर गेलो. वर मोठं दगडी मंदिर उभं राहतंय, त्यामुळे छिन्नी हातोड्याचा आणि कटरचा आवाज, धुरळा. मला खरं तर तो आवाज ऐकून बरं वाटलं, धंद्याचा आवाज. एक कारागीर कमळाची पाकळी घासत होता, घासायचा, बोटानं कड तपासायचा, परत घासायचा, मी बराच वेळ त्याच्यापाशीच उभा राहिलो. कड्याच्या बाजूला जाऊन बसल्यावर मामांनी तो अभंग सांगितला ज्यात तुकोबा म्हणतात की देवा दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळानं गांजलं तेही बरंच झालं. मी सरळ बोललो की मामा हे मला पटत नाही. नंतर म्हणायला सोपं आहे. मला माझं दिवाळं निघालं ते काही बरं वाटत नाही आणि चार पोरांचा पगार माझ्यामुळे गेला ते तर मुळीच नाही.

मला वाटलं आता रागवणार. पण म्हणाले, "मग नको म्हणू. त्याच तुकोबानं दुसरीकडं म्हणून ठेवलंय की माझ्या लेखी देव मेला, असला तर असू दे त्याच्यापुरता. ते तुला आज पटंल. दोन्ही एकाच गाथेत हायेत, कुणी त्यातलं काढून नाय टाकलं."

उतरताना मी गाथा मंदिरात जाऊन तो अभंग भिंतीवर शोधायचा असं ठरवलं होतं, पण तिथं भिंतीच्या भिंती अभंगांनी भरलेल्या आहेत, मान दुखायला लागली, आणि मामांना चहा हवा होता. राहिला तो.

शनिवार, आळंदी

सकाळी आळंदीत उतरलो आणि पहिलं दर्शन इंद्रायणीचं झालं, पांढऱ्या फेसाचं. बातम्यांत फोटो बघितले होते तरी समोर बघितल्यावर कसंतरीच झालं. साबणाच्या फेसासारखे गोळे पाण्यावर तरंगत होते आणि त्यातच एक आजी शांतपणे हातपाय धूत होत्या. मामा नेहमी हातात पाणी घेऊन डोक्याला लावतात, त्या दिवशी त्यांनी नुसता हात जोडला. यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही, बोलायला सुरुवात केली असती तर दिवस त्यातच गेला असता.

समाधीचं दर्शन पटकन झालं. अजानवृक्षाखाली पारायणाला बसलेली माणसं, सोन्याचा पिंपळ, हे सगळं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून मी सोडतो. मला लिहायचंय ते सिद्धबेटाबद्दल. देवळापासून जरा बाजूला, नदीकाठी, झाडी आहे, बहुतेक भाविक तिकडे फिरकत नाहीत. गावानं वाळीत टाकल्यावर ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांचं कुटुंब इथे राहायचं असं मानतात. संन्यास घेऊन परत संसारात आले हा त्यांचा गुन्हा, प्रायश्चित्त म्हणून देहदंड सांगितला गेला आणि आईबाप दोघांनी नदीत जीव दिला, कशासाठी तर निदान पोरांना तरी समाजानं घ्यावं. आणि घेतलं का? नाही. पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करायला लागली. म्हणजे आईबापांनी दिलेला जीवसुद्धा त्या लोकांना पुरला नाही. हे मला माहीत होतं, पण त्या जागी उभं राहून ऐकलं की पोटात खड्डा पडतो, कारण ती चौघं पोरं म्हणजे खरंच पोरं होती, मुक्ताई तर सगळ्यात लहान.

इथलीच ती ताटीची गोष्ट. कुणीतरी अपमान केला आणि ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले, बाहेर येईनात. ज्ञानदेव! ज्यांनी रेड्यामुखी वेद वदवले म्हणतात ते. मग धाकटी बहीण बाहेर उभी राहून एकामागून एक अभंग म्हणत होती की दार उघड. मी मामांना विचारलं की एवढा ज्ञानी माणूस असून त्यांनी दार का लावलं. मामा म्हणाले, "वैतागला असंल. एकवीस वर्षांत समाधी घेतली, त्यातनं वैतागायला किती वेळ मिळाला असंल त्याला, घेऊ दे की." मग जरा थांबून, "तुझी बायको मला फोनवर काय म्हणाली माहीताय? म्हणाली, मामा हे बोलतच नाहीत हो कुणाशी."

मी विषय बदलला.

संध्याकाळी हरिपाठ ऐकला. धर्मशाळेत झोपताना मामांनी २०२० च्या आषाढीची गोष्ट काढली. कोरोनामुळे पायी वारी रद्द, माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं बरोबर. मामा इतकी वर्षं रजा टाकून वारी करायचे, रिटायर झाल्यावर तर काय पूर्ण मोकळे, आणि नेमकी तेव्हाच वारी बंद. मी म्हणालो तुम्हाला राग नाही आला का. म्हणाले, "आला की. पण माउलीला शेवटी एसटीच लागली न्हवं," आणि एकटेच हसायला लागले. मग कळलं की त्या वर्षी रोज पहाटे ते गच्चीवर फेऱ्या मारायचे, वारीच्या त्या त्या दिवसाच्या मुक्कामाचं नाव घेऊन. आज लोणंद, आज फलटण असं. मामींनी हे आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवार, अरण

पुण्यावरून सोलापूरची गाडी पकडली. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, त्यामुळे भिगवणपर्यंत मामा आणि ड्रायव्हर यांचा बोलण्याचा कार्यक्रम (बॉडी कुठल्या डेपोची, क्लच कसा लागतो). उजनीचं बॅकवॉटर उन्हात चमकत होतं. पुढे टेंभुर्णी, आणि मोडनिंबच्या जवळ अरण. बरेच लोक हायवेनं सरळ निघून जातात, जाऊ नका, थांबा. सावता माळ्याचं गाव. पंढरपूर इतक्या जवळ असून हा माणूस मळ्यातलं काम सोडून कधी गेला नाही म्हणतात, कांदा मुळा भाजीतच त्याला विठाई दिसली. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण आषाढात सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी अरणला येते. देवळाच्या आवारात निवांत होतं, एक पोरगं पायऱ्या झाडत होतं आणि मोबाईलवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू.

तिथं बसल्यावर माझ्या मनात आलं ते मी विचारलं. म्हटलं मामा, सावतोबांचं ठीक आहे, काम हाच देव, मी पण तसाच होतो, वेल्डिंगची कांडी हातात घेतली की मला जपजाप्य काही लागायचं नाही. पण मळाच गेला असता तर? मग त्यानं विठाई कशात बघायची?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, तेव्हा त्यांनी एकदम बहात्तरचा दुष्काळ काढला. १९७२. मामा तेव्हा बारा तेरा वर्षांचे. माणात विहिरी तळाला गेल्या, जनावरं विकली, जी विकली गेली नाहीत ती मेली. आजी, म्हणजे माझ्या आईची आई, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मामा बरोबर. तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. "आईच्या हाताला फोड यायचं, फुटायचं, त्यावरच परत हातोडी. रस्ता जिथनं जाणार व्हता तिथं एक म्हसोबा व्हता, कामाला लागायच्या आधी रोज त्याच्याफुडं उभी राहायची. मी म्हनायचो आई हा काय देतोय आपल्याला. ती म्हनायची, देत नसंल पन बघतोय तरी, बाकी कोन बघतंय." मी विचारलं की एकादशी धरायची का तेव्हा. म्हणाले, "रोजच उपास व्हता की, एकादशी येगळी कशाला."

मळा गेला तर काय याचं उत्तर मला यात मिळालं का? नाही बहुतेक. पण आजीचे ते हात माझ्या डोळ्यासमोरून संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. मी लहान असताना तिचे तळवे बघितलेत, खरखरीत होते आणि उजव्या अंगठ्याजवळ एक पांढरा व्रण, तो कशाचा हे कधी विचारलंच नव्हतं.

सोमवार, पंढरपूर

पहाटे चंद्रभागेवर. पाणी कमी, वाळवंट मोठं, पुंडलिकाचं देऊळ नदीच्या पात्रातच. ऑफ सीझन असला तरी पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत बराच वेळ गेला. महाद्वारात नामदेव पायरी, तिच्यावर कुणी पाय देत नाही. आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. महार म्हणून जिवंत असताना देवळात घेतलं नाही, मेल्यावर दाराशी जागा. नामदेवांनी अस्थी आणून इथं समाधी बांधली. आणि त्यानंतर सहाशे वर्षं त्यांच्या माणसांना आत प्रवेश नव्हताच, १९४७ साली साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात १ ते १० मे उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडलं. मी मनात हिशोब केला, चोखोबा गेले १३३८ साली. इतकी शतकं बाहेर उभं राहून हात जोडणाऱ्या त्या लोकांनी श्रद्धा कशी काय टिकवली असेल, मला तर काही महिन्यांत कंटाळा आला होता.

देवासमोर पोचलो. काय बोलायचं हे रांगेत तयार केलं होतं, चांगलं मुद्देसूद, पार्टी, बँक, पोरीची फी. पायांवर डोकं टेकवलं, दगड गार, तुळशीची पानं ओली, कपाळाला बुक्का लागला, आणि तोंडातून निघालं "काय लावलंयस रे हे?" बऱ्यापैकी मोठ्यानं. मागच्या माणसानं ऐकलं असणार. मग सेवेकऱ्यानं खांद्याला धरून पुढे काढलं. मुद्दे सगळे राहिले.

बाहेर आल्यावर मामांना सांगितलं, जरा ओशाळूनच, तर ते मला रिक्षात घालून थेट गोपाळपूरला घेऊन गेले. गावाच्या बाहेर टेकाडावर देऊळ आहे, तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. खुंट्याला हात लावून बघितला, गुळगुळीत झालाय लाखो हातांनी. मामा म्हणाले, "ही नामदेवाच्या घरची दासी. हिनं देवाला विठ्या म्हटलंय, कारट्या म्हटलंय, आणखी काय काय म्हटलंय ते देवळात सांगण्यासारखं नाय. आणि तोच येऊन हिचं दळण दळायचा म्हनत्यात. तू तर काय लावलंयस एवढंच म्हनालास."

मला हसू आलं. रात्री हॉटेलात जेवताना मला भूक लागली होती, हे लिहिण्यासारखं नाही खरं तर, पण बायकोला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली एकदम.

मंगळवार, मंगळवेढा

पंढरपूरहून मंगळवेढा तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूला काळी जमीन आणि ज्वारी, कणसं भरलेली, लांबच लांब. इथली ज्वारी जीआय टॅगवाली. मामांना हुरडा पाहिजे होता, एका शेताच्या कडेला मिळाला, तिथं अर्धा तास गेला.

दामाजीपंतांच्या देवळात गेलो. बिदरच्या बादशहाचे कारभारी, दुष्काळात लोक मरायला लागले म्हणून सरकारी धान्याची कोठारं उघडून दिली. बादशहानं पकडून आणायला माणसं पाठवली, आणि दामाजी पोचायच्या आधी विठू महार नावाचा कुणी माणूस दरबारात येऊन सगळ्या धान्याचे पैसे मोजून, पावती घेऊन गेला. तो विठ्ठलच. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण या वेळी माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर अडकलं. चोखोबा पण याच मंगळवेढ्याचे. गावकुसाच्या भिंतीच्या कामावर वेठीला नेलेले, भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. इथं कुणी विठू आला नाही. शेदीडशे वर्षांनी दामाजीसाठी त्याच गावाच्या नावानं देव महार होऊन थैली घेऊन धावला, आणि जो खरा महार त्याचं नाव घेत होता तो ढिगाऱ्याखाली.

मी हे सगळं मामांना बोललो, देवळाबाहेर पायऱ्यांवर, चपला घालता घालता, आणि आवाज चढला होता माझा. मामांकडे नेहमी काहीतरी असतं बोलायला. या वेळी त्यांनी चपलेचा पट्टा लावला, काढला, परत लावला. मग म्हणाले, "मलाबी नाय कळलं ते. माळ घालून चाळीस वर्सं झाली." कीर्तनकार सांगतात की नामदेव तिथं हाडं शोधायला आले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल आवाज आला ती चोखोबांची, तेवढी उचलली. मामा म्हणाले कीर्तनात त्या ठिकाणी लोक रडतात, मीबी रडतो, पण भिंत का पडली ते कीर्तनकार सांगत नाही. मी म्हटलं मग तुम्ही विचारत नाही का. "कुणाला, कीर्तनकाराला? त्याला काय ठाऊक. ज्याला ठाऊक हाय त्याला विचारतो, दर वारीला विचारतो."

काय म्हणतो मग तो, असं मी विचारलं. मामांनी कंबरेवर हात ठेवून दाखवले. मला कळेना हसावं की काय.

परतीची गाडी पंढरपूरला बदलायची होती. मामांची दहिवडीवरून जाणारी सातारा गाडी आधी लागली, पुढची सीट धरायला ते जवळजवळ पळालेच, खिडकीतून ओरडून मला सांगितलं की गुरुवारी त्या दुसऱ्याच्या शेडवर सुपरवायझरच्या कामाचं बोलायला जायचंय ना, जा, लाज धरू नको. माझ्या गाडीला अजून वेळ होता. माघीला मामा परत येणार आहेत, मी पण येतो म्हटलंय, कारण भिंतीचा विषय अर्धाच राहिलाय आणि या वेळी मला रांगेत जरा नीट बोलायचंय.